पाहुणे म्हणतात

४ जानेवारी

भोंग्या,

तू खुशाल आहेस असं धरून चालते, कारण खुशाल नसलास की तुझा फोन येतो. हे पत्र मुद्दाम लिहितेय. फोनवर तू माझ्याशी बोलतोस आणि मागे तुझी माणसं 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' करत असतात. मला कळत नाही उत्तर कोणाला द्यायचं. पत्रात तरी तू एकटा सापडतोस.

बातमी अशी. पुढच्या महिन्याच्या शेवटी तुझ्या शहरात ते परदेशी प्रवचनकार येताहेत. मोठ्या सभागृहात, सलग दोन संध्याकाळ. दुभाषी म्हणून मला बोलावलंय. शाळेतली नोकरी संपून इतकी वर्षं झाली, पण हे काम काही मला सोडत नाही. स्पीकर तुझे असणार, असं चर्चच्या सेक्रेटरींनी सांगितलं. म्हणजे बहीण बोलणार आणि भाऊ ते लांबवर पोचवणार. आई असती तर म्हणाली असती, यात नवीन काय? लहानपणीही ही चहाडी करायची आणि हा ती गल्लीभर करायचा.

एक काम कर. त्यांची जुनी प्रवचनं मिळतील तेवढी पाठव. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. स्वयंपाकघरात उभी राहून एकेक वाक्य ऐकते आणि मोठ्यानं आपल्या भाषेत म्हणते. आणि म्हणताना 'मी' म्हणते. पाहुणे 'मी' म्हणाले की मीही 'मी'च. 'पाहुणे म्हणतात, पाहुणे म्हणतात' असं करणारा दुभाषी म्हणजे घास चिमट्यानं भरवणारा. ऐकणाऱ्याला विसर पडला पाहिजे की मध्ये कोणी बाई उभी आहे. इतकी वर्षं मी ते सांभाळलंय.

आठवतं का, माझा चिमण लहान असताना मी कुठंही बोलायला उभी राहिले की तो धावत मागच्या दाराशी जायचा? आवाज तिथवर आला की उजवा हात वर. मी ते बघायची आणि मगच पुढं बोलायची. तुझ्या यंत्रांनी त्याचा तो हात बेकार केला.

त्याच्यावरून आठवलं. तू त्याच शहरात आहेस, मामा आहेस, कानांचा तिखट आहेस. लग्नाचा विषय काढला की पोरगा चष्म्याच्या काचा, गिऱ्हाईक, दुकान, असं काहीबाही बोलतो. पाणी कुठंतरी मुरतंय. मुलगी परक्या समाजातली असेल तर मला सांग. मी काही वाघीण नाही. फक्त आधी कळलं म्हणजे झालं.

तुझी,
ताई

१२ जानेवारी

ताई,

तुझ्या पत्राला नमस्कार, तुला त्याहून मोठा.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात चार प्रवचनं आहेत. आवाजाचं म्हणशील तर माणूस पहिल्या प्रतीचा आहे. खर्ज असा की माझे जुने स्पीकर ऐकून लाजले असते. मी फुटपाथवर रेडिओ दुरुस्त करत होतो तेव्हापासून आवाज ओळखायची सवय आहे. हा आवाज खोटा नाही. जे बोलतो ते त्याला खरंच वाटतं. तिथंच तर पंचाईत आहे.

तुमच्या गावात अजून आलं नसेल, पण इथं या माणसावरून बरंच तापलंय. समलिंगी लोकांबद्दल तो जे बोलतो ते कोणीतरी उचलून सगळीकडे फिरवलं. कॉलेजची मुलं सभागृहासमोर फलक घेऊन उभी राहतात. वर्तमानपत्रात रोज पत्रं. इथल्या चर्चमध्येही दोन तट पडलेत, आणि पाळकसाहेब दोन्ही तटांना 'आपण प्रार्थना करू' एवढंच सांगतात. काल दोन मुली माझ्या दुकानात आल्या. 'काका, तुम्ही स्पीकर देऊ नका.' मी माझं नेहमीचं वाक्य टाकलं, लग्न असो, निवडणूक असो, मयत असो, भोंगा कोणाचा नसतो. पण यावेळी ते तोंडातून नेहमीच्या जोरात निघेना.

आता चिमण. रविवारी त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. दुकानावरच्या दोन खोल्या. तो व्यायामवाला मित्र त्याच्याबरोबरच राहतो, तुझ्या कंबरेच्या दुखण्यात आला होता तोच. भाजी त्यानं करपवली आणि दोष गॅसला दिला. चिमणनं बशी पुसता पुसता 'गॅस बिचारा' एवढंच म्हटलं, आणि दोघं हसत सुटले. ताई, त्या घरात एक जण वाक्य सुरू करतो आणि दुसरा संपवतो. असं मी फक्त आपल्या आईबाबांचं ऐकलंय, आणि तेही भांडताना.

मुलगी नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

एक सुचवू? घसा बसलाय म्हणून कळव आणि हे काम सोड. मी औषधाची चिठ्ठीसुद्धा आणून देतो.

तुझा,
भोंग्या

२० जानेवारी

भोंग्या,

घसा बसलाय म्हणून कळव! माझा घसा पस्तीस वर्षं वर्गातल्या पोरांना बसवत आला, तो कधी स्वतः बसला नाही.

तुझी भीती मला कळते. उद्या ती फलकवाली पोरं तुझ्या दुकानासमोर उभी राहिली तर काय, हेच ना? मग सरळ तसं लिही, बहिणीच्या घशावर कशाला घालतोस?

पहिली दोन प्रवचनं झाली. क्षमेवरचं तर असं आहे की भांडं घासता घासता मी ओट्याला टेकून उभी राहिले. इतकं मऊ बोलणाऱ्या माणसाविरुद्ध लोक फलक कसले धरतात? आणि त्या दुसऱ्या विषयाचं म्हणशील, तर जगात ज्याला जे वाटतं ते तो बोलतो. आपल्या घरात तसलं कोणी नाही. मग आपल्याला काय करायचंय?

मुलगी नाही म्हणतोस, ते मी तीनदा वाचलं. भोंग्या, तू मला फसवतोयस. मुलगी नाही म्हणजे बाई आहे का? नवऱ्यानं टाकलेली? वयानं मोठी? असली तरी सांग. आडपडदा तुला लहानपणापासून जमत नाही. बोलताना सोड, तू लिहितानासुद्धा खाकरतोस.

त्या मुलाला माझा आशीर्वाद सांग. त्यानं शिकवलेला कंबरेचा व्यायाम मी रोज करते. चांगल्या घरचा दिसतो. त्याच्यासाठी एखादं स्थळ बघायला हवं.

ताई

२५ जानेवारी

ताई,

तुझं पत्र वाचून मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. आत माणसं होती.

जे लिहायला हवं, ते सांगणं माझ्या वाट्याचं नाही. एवढंच कर. चौथं प्रवचन ऐक. नुसतं ऐकू नकोस. तुझ्या पद्धतीनं, उभी राहून, मोठ्यानं, 'मी' म्हणत म्हण. मग मला पत्र लिही. राग आला तरी लिही.

स्थळाचं राहू दे.

भोंग्या

११ फेब्रुवारी

भोंग्या,

पत्र लांबलं. तू वाट बघितली असशील.

तुझ्या पत्रावर मी आधी चिडले, मग पेनड्राइव्ह कपाटात टाकला, मग एके दिवशी दुपारी काढला. उभी राहिले. प्रवचन कुटुंबावर होतं. सुरुवात सोपी. तेही मऊ, मीही मऊ. मग ते वाक्य आलं. मी सवयीनं तोंड उघडलं आणि स्वतःच्या कानांनी ऐकलं: 'माझ्या मुलानं मला येऊन सांगितलं असतं की मी तसा आहे, तर मी माझ्या घराचं दार त्याला बंद केलं असतं, आणि तेच माझं खरं प्रेम ठरलं असतं.'

माझ्या स्वयंपाकघरात. माझ्या आवाजात. समोरच्या खुंटीवर चिमणची जुनी छत्री लटकत होती.

प्रवचन पुढे चालू राहिलं. मी राहिले नाही. खुर्ची ओढून बसले आणि एकेक गोष्ट, न बोलावता, येऊ लागली. माझ्या आजारपणात त्या व्यायामवाल्या मुलानं मला बिछान्यातून उठवलं तेव्हा चिमणनं न सांगता त्याच्या पाठीशी उशी सरकवली होती. एकाच्या चपला दुसरा घालून दूध आणायला जायचा. निघताना चिमण दाराशी अडखळला होता. 'आई, तुला एक सांगायचंय.' आणि मी म्हटलं होतं, 'आधी जेवा, मग सांग.' जेवल्यावर मी विचारलं नाही. मला ठाऊक नव्हतं असं मी आता कोणत्या तोंडानं म्हणू? मी वाढत राहिले, एवढंच.

आणि तुला लिहिलं, आपल्या घरात तसलं कोणी नाही. ते पत्र फाडून टाक. त्याला दाखवलं नसशील, अशी आशा आहे.

तरी मी येणार आहे. शब्द दिलाय. मी नाही गेले तर ते सेक्रेटरी उभे राहतील, आणि ते वाक्य असं चवीनं सांगतील की ऐकवणार नाही. मी निदान साधं सांगेन. दुभाषी म्हणजे वायर, भोंग्या. एका टोकाला आत, दुसऱ्या टोकाला बाहेर. वायरीला कोणी दोष देत नाही.

फक्त चिमण त्या संध्याकाळी तिथं नसावा असं बघ. सिनेमाला ने. काहीही कर. ते वाक्य त्यानं माझ्या आवाजात ऐकू नये.

ताई

१५ फेब्रुवारी

ताई,

पत्र दाखवलं नाही. फाडलं.

सिनेमाचं जमणार नाही. तुझं नाव प्रत्येक खांबावर लागलंय, प्रवचनकारांच्या नावाखाली, बारीक अक्षरात. चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्याला बारीक अक्षर वाचता येतंच. मी त्याला म्हटलं, येऊ नकोस. तो हातातली काच पुसत राहिला. मग विचारलं, 'मामा, आई अजून शेवटच्या रांगेकडे बघून बोलते का?' मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी कायम स्टेजमागे असतो. त्यानं काच परत पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

येईल की नाही, मला सांगता येत नाही. तो लहान नाही.

वायरीबद्दल मात्र माझं ऐक. माझा सगळा संसार वायरींवर उभा आहे. वायर कधी ओट्याशी खुर्ची ओढून बसत नाही.

माझ्याकडेच उतर. पलंग रिकामा आहे, वहिनी तुझी वाट बघतेय.

भोंग्या

१ मार्च

ताई,

हे पत्र चिमणच्या पत्त्यावर टाकतोय, कारण तू सभागृहातून परस्पर तिकडे गेलीस आणि फोन कोणीच उचलत नाही. व्यायामवाल्यानं निरोप पाठवला, 'काकू झोपल्यात, आम्ही चालताना आवाज करत नाही.' म्हणजे तू बरी आहेस.

तुला हे लिहायचं कारण असं की तू स्टेजवर होतीस, आणि मी स्टेजमागच्या खोलीत. तिथं खिडकी नाही. मोडक्या खुर्च्यांचा ढीग, आवाज कमीजास्त करायचं माझं मिक्सर आणि मी. मला त्या संध्याकाळी फक्त कानांनी दिसलं. तेवढं सांगतो.

पहिली संध्याकाळ तुझ्या क्षमेची गेली. लोक रडले. तुम्हा दोघांचे आवाज असे बसले होते की मी मिक्सरच्या पट्ट्यांना हात लावला नाही. दुसऱ्या संध्याकाळी बाहेर घोषणा चालू होत्या, दार उघडलं की आत यायच्या. कुटुंबाचं प्रवचन सुरू झालं तेव्हाच मी हेडफोन घट्ट केला. त्यांची भाषा मला येत नाही, पण ते वाक्य मी पेनड्राइव्हवर उतरवताना इतकं ऐकलंय की चाल पाठ झालीय. ती चाल आली. संपली. आता तुझी पाळी.

काही नाही.

मिक्सरवर तुझ्या माईकचा दिवा श्वासाबरोबर हलत होता. अंगठी स्टँडला लागत होती, टक, टक. कोणीतरी खोकलं. प्रवचनकारांना वाटलं तुला ऐकू आलं नाही, त्यांनी वाक्य परत म्हटलं, सावकाश, अगदी समजुतीनं. तेवढ्यात सेक्रेटरी माझ्या खोलीत घुसले. 'बाईंना काहीतरी झालंय, त्यांचा माईक काढा, मी बोलतो!'

आणि तू बोललीस. 'पाहुणे म्हणतात.'

ताई, मी तुला किती सभांतून ऐकलंय. हे दोन शब्द तुझ्या तोंडून कधी ऐकले नव्हते. सभागृहालाही ते लागले असावेत, कारण खोकणारा मध्येच थांबला.

'पाहुणे म्हणतात, त्यांच्या मुलानं येऊन सांगितलं असतं की तो तसा आहे, तर त्यांनी घराचं दार त्याला बंद केलं असतं, आणि तेच त्यांचं खरं प्रेम ठरलं असतं.' 'मी' सोडता तू एक शब्द बदलला नाहीस, चवही लावली नाहीस. मग थांबलीस. मग: 'मला एक मुलगा आहे. माझं दार त्याला उघडं आहे. हे पाहुणे म्हणत नाहीत. हे मी म्हणते.'

सेक्रेटरी ओरडले, 'बंद करा!' मी म्हटलं, 'साहेब, पट्टी जुनी आहे, जरा अडकते.' मिक्सर मागच्याच महिन्यात घेतलंय. माईक मी बंद केला नाही असं नाही, केला. तुझं वाक्य पुरतं संपल्यावर केला, आणि त्याआधी थोडा वाढवला.

त्यांचं पुढचं काम आता मला मिळणार नाही, तसं त्यांनी तोंडावर सांगितलं. मिळू नये. त्या दोन मुली दुसऱ्या दिवशी परत आल्या होत्या. एकीनं नवी बॅटरी विकत घेतली, जी तिला लागत नव्हती.

एक विचारायचं राहिलं. तू गप्प होतीस तेव्हा तुझा श्वास माईकच्या मधोमध नव्हता, एका बाजूनं येत होता. म्हणजे मान वळलेली होती. कुठं बघत होतीस?

भोंग्या

९ मार्च

भोंग्या,

घरी पोचले. तुझ्या कानांपासून काही लपवायची सोय नाही.

मी मागच्या दाराकडे बघत होते. तो तिथं उभा होता. प्रवचनकारांची भाषा त्याला मीच शिकवलीय, तेव्हा वाक्य त्याला माझ्याइतकंच आधी कळलं होतं. पण तो त्यांच्याकडे बघत नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता, आता यातून काय निघतंय म्हणून. दोन्ही हात खिशात. लहानपणी दुधाचा पेला फोडला की असाच उभा राहायचा. मी मार द्यायच्या आधी मार खाल्लेला चेहरा.

मग मी बोलले. हात लगेच वर आला नाही. अर्ध्यावर आला आणि तिथून चेहऱ्याकडे गेला. आणि मला एकदम जाणवलं की या पोरानं आपला आवाज माझ्यापर्यंत पोचतोय का हे किती वर्षं परक्यासारखं दारात उभं राहून बघितलंय.

प्रवचनकारांनी मला विचारलं, तुम्ही त्यांना काय सांगितलं? मी त्यांच्या भाषेत तसंच सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी आपला पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. पुढचं प्रवचन त्यांनी तसंच केलं, सेक्रेटरींच्या तोंडून. पण तेवढा वेळ त्यांनी माझं ऐकलं, हे मी विसरणार नाही. मी खाली उतरले. गाण्याच्या रांगेतल्या एका म्हातारीनं माझा हात धरला, दुसरीनं पदर आवरून घेतला. दोघींनाही मी ओळखते.

चिमणच्या खोल्यांत फार काही बोलणं झालं नाही. चिमण म्हणाला, 'आई, मला सांगायचं होतं.' मी म्हटलं, 'ठाऊक आहे. आता आधी सांग, मग जेवू.' तो सांगत राहिला, भाजी पुन्हा करपली. व्यायामवाला सारखा आत जायचा आणि भांडी आपटायचा, आम्हाला वाटावं की तो ऐकत नाही म्हणून. मी त्याला बोलावून बसवलं. बसला तो असा, जणू मी त्याची कंबर तपासणार आहे.

शेजारच्या बाई चहापत्ती मागायला आल्या, त्याच्याकडे बोट करून मला विचारू लागल्या, 'हा तुमचा कोण?' आता बघ, जन्मभर मी इकडचे शब्द तिकडे केले, आणि या एका प्रश्नाला शब्द मिळेना. मी म्हटलं, 'घरचा.' त्या म्हणाल्या, 'असं का,' आणि चहापत्ती घेऊन गेल्या. तो मात्र लगेच आत जाऊन पुन्हा भांडी आपटू लागला.

इथलं सांगते. चर्चमधलं माझं रविवारचं वाचन आता दुसऱ्या बाईंकडे दिलंय. कोणी वाईट बोललं नाही, नुसतं दिलं. लागतं मनाला. जाते मी अजून, मागच्या बाकावर बसते. तिथं धड ऐकू येत नाही. तुझा एखादा स्पीकर फुकट पाठवशील का?

निघताना दोघं स्टेशनवर सोडायला आले होते. मी डब्यात खिडकीजवळ बसले. काय बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं, म्हणून मी आपलं काहीतरी म्हटलं, गॅस बारीक ठेवत जा. गाडी सुटली, आवाज वाढला. मला वाटलं, पोचलंच नसेल. मागे वळून बघितलं तर प्लॅटफॉर्मच्या टोकाला चिमण उभा होता, उजवा हात ताठ वर.

आणि त्याच्या शेजारी तो दुसरा. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, भोंग्या. चिमणकडे बघून त्यानंही हात वर केला, शपथ घेतल्यासारखा, आणि गाडी वळेपर्यंत खाली घेतला नाही.

तुझी,
ताई